देवाकडची बाजू

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी बॅले शिकायला लागले म्हटल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये जो हशा पिकला, तो अजून ओसरलेला नाही. हसा बाई! गणित शिकवते म्हणून काय पायांनी फक्त जिनेच चढायचे? लहानपणी मी वर्गात सगळ्यात उंच. त्यामुळे गॅदरिंगच्या प्रत्येक नाचात मला मागच्या रांगेत उभं करायचे. दोन वर्षं तर मी नाचलेच नाही, नुसती पडद्याची दोरी ओढली. तो राग माझ्यात मुरून बसला होता. म्हणून मोबाईलवर मोठ्यांसाठी घरबसल्या बॅलेची जाहिरात दिसली, तेव्हा कुणालाही न विचारता नाव घालून टाकलं.

आमचा फ्लॅट सावेडीत. नवरा सुप्याच्या कारखान्यात, त्यामुळे संध्याकाळी घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. त्या नेवाशाकडच्या शेतकरी घरातल्या. गुडघे गेले म्हणून आमच्याकडे आल्या त्या कायमच्याच, आणि येताना आपला देव्हारा घेऊन आल्या. तो हॉलच्या भिंतीवर बसवला.

क्लास आठवड्यातून तीनदा, सहा वाजता. शिकवणारी पुण्याची, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मला ताई म्हणते, पण झापते मात्र हेडबाईंसारखी. धरायला दांडा नसेल तर जेवणाच्या टेबलाची खुर्ची चालेल म्हणाली. एका हातानं खुर्चीची पाठ धरायची, गुडघा ताठ, बोटं ताणायची आणि पाय फरशीवरून घासत न्यायचा. आधी पुढे, मग बाजूला, मग मागे. नंतर दुसऱ्या पायानं तेच.

दुसऱ्याच दिवशी सोफ्यावरून आत्यांचा आवाज आला, "आगं आगं, देवाकडं पाय करतीस व्हय?"

खरंच की! फोन टीव्हीच्या कपाटावर, माझं तोंड फोनकडे. उजवा पाय बाजूला नेला की स्वयंपाकघर, डावा नेला की थेट देव्हारा. फोन हलवून पाहिला, तर पुढे नेलेला पाय देवांकडे. पुन्हा हलवला, तर मागचा. चारी दिशांना पाय टाकायचे म्हटल्यावर त्यातली एक दिशा देवाची निघणारच, हे मला, गणिताच्या बाईला, अर्धा तास फर्निचर ओढल्यावर कळलं. बेडरूममध्ये पलंग आणि कपाट यांच्यामधून आडवं होऊन जावं लागतं, तिथे कसला नाच! शेवटी फोन पुन्हा पहिल्या जागी ठेवला आणि मी सोपी वाट काढली. डाव्या पायाची पाळी आली की पुन्हा उजवाच करायचा. लाजेपायी कॅमेरा बंदच असायचा, बघतंय कोण?

असे सात महिने गेले, आणि काय सुखाचे गेले म्हणून सांगू. फळ्यासमोर उभी राहिले तरी मान आपोआप वर. संसारात इतकी वर्षं गेल्यावर फक्त माझं असं काहीतरी पहिल्यांदाच हाती लागलं होतं.

मग पुढच्या बॅचला जायच्या आधी शिकवणारीनं एकेकीला फोनवर एकटीला बोलावलं. कॅमेरा चालू. उजवा पाय छान झाला. डावा बाजूला नेला आणि तो लटलट कापायला लागला.

"ताई, या पायाला काय झालंय?"

सांगितलं सगळं. ती हसली असती तर बरं झालं असतं. "तुमची कंबर एका बाजूला ओढली गेलीय," ती म्हणाली. "एका पायानं बॅले होत नाही. महिनाभर दोन्ही बाजू सारख्या करा. जमत नसेल तर थांबा. मी तुम्हाला पुढे नेणार नाही आणि इथंही ठेवणार नाही. दुखणं घेऊन बसाल."

फोन ठेवला आणि सगळा राग आत्यांवर निघाला. त्या सोफ्यावर मेथी निवडत होत्या. "झालं! संपला माझा नाच," मी म्हणाले. "सांभाळा तुमचे देव!"

त्यांचा हात थांबला. "डावा पाय केलाच न्हाईस? सात म्हयने? मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगून काय देव उठून जाणार होते?"



दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर हॉलची भिंत रिकामी. स्क्रूची चार भोकं आणि दिव्याच्या काजळीचा डाग, एवढंच उरलेलं. समोरच्या गल्लीतल्या सुताराला बोलावून आत्यांनी देव्हारा आपल्या खोलीत हलवला होता, कॉटच्या पायथ्याकडच्या भिंतीवर, खिडकीशेजारी. तेवढीच जागा मोकळी होती. मग झोपताना देवाकडे पाय नकोत म्हणून त्यांनी आपली कॉटही फिरवून घेतली होती.

म्हणजे खिडकी आता डोक्यामागे गेली. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नाही. पडल्या पडल्या त्या खिडकीतून रस्ता बघायचा, भाजीवाल्या, स्कूटरवरून शाळेतून येणारी पोरं, ही त्यांची दिवसभराची करमणूक. आता डोळ्यांसमोर काय, तर लोखंडी कपाट.

"आत्या, तुमची खिडकी..."

"रोज त्याच गाड्या अन् तीच मान्सं. लई बगितलं."

"काल मी वाट्टेल ते बोलले तुम्हाला."

"बोललीस ते बोललीस. सहा वाजत आले, खुर्ची घे."

मला रडूच फुटलं. माझ्यासाठी आजवर कुणी एक खुर्ची सरकवली नव्हती. आणि या बाईनं माझ्या पायाला जागा हवी म्हणून देव हलवले, वर स्वतःची खिडकी देऊन टाकली. हे उपकार मी कुठे ठेवू?

क्लास सुरू झाला. या वेळी कॅमेरा चालू ठेवला. उजवा पाय झाला. तेवढ्यात आत्या स्टूल घेऊन आल्या आणि माझा डावा पाय नीट दिसावा म्हणून त्या रिकाम्या भिंतीलाच टेकून बसल्या. पाळी डाव्याची आली. मी पाय काढला आणि अर्ध्यातच थांबले.

"थांबलीस का गं?"

"तुमच्याकडे पाय येतोय, आत्या."

"मी काय देव हाय का? टाक."

आत्यांशी मी आजवर कशाकशावरून वाद घातलाय. त्या दिवशीही घालावासा वाटला, पण पुण्याची पोर आकडे मोजायला लागली होती. मी डोळे पुसले आणि पाय टाकला.