चौदा घंटे

धानाच्या ओल्या कोंड्याचा वास आला की मला अंगणात ठेवलेले बाबा दिसतात. वैशाख होता. गोंदियाहून आणलेल्या बर्फाच्या लाद्या विरघळू नयेत म्हणून कोंड्यात पुरल्या होत्या आणि एकेक काढून मी बाबांच्या अंगाला लावत होते. मोठा भाऊ टोरांटोहून निघाला होता. टोरांटो ते दिल्ली चौदा तास, असं मीच सायबर कॅफेत बघून आले आणि घरी तेवढंच सांगितलं. दिल्लीतलं थांबणं, नागपूरचं विमान, पुढचा आमच्या दवनीवाड्यापर्यंतचा रस्ता, यातलं काहीच मी धरलं नव्हतं. भर दुपारी चौदा तास सरले. प्रेत उठेपर्यंत चूल पेटवायची नाही म्हणून आळीतली लेकरं भुकेनं रडत होती. काका माझ्यावर ओरडले, "काऊन पोरी, तू तं चौदा घंटे म्हनत होतीस? कोठी राहिला तो?" शेवटची लादी संपली, वास सुटला, तशी मी काकांचे पाय धरले. "काका, मी देतो ना आग." त्यांनी पाय सोडवून घेतले. "पोरगा जिता असून पोरगी आग देते का कुठं? थांबू." भाऊ दुसऱ्या दिवशी पोचला, तेव्हा बाबांचं तोंड कापड काढून दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं. अजूनही इकडे यायला निघाला की तो विमानाला किती तास लागतील ते फोनवर सांगतो. मी नुसतं हं म्हणते. त्या दिवशी सगळं गाव रस्त्याकडे बघत होतं, आणि मी बाबांच्या उशाशीच बसले होते.