तळचा भात

कुळगीच्या रोपवाटिकेत आम्ही पिशव्यांत माती भरायचो. सागाच्या पानांतून झिरपणारं ऊन डोळ्यांवर झापड आणायचं आणि नेमकी तेव्हाच आमचं जेवण आणणारीची जुनी ओम्नी गाडी धुळीतून तरंगत यायची. मागचं दार वर गेलं की कुळथाच्या वासानं सगळी दुपार जागी व्हायची.

तिला सगळे अक्का म्हणायचे. नाव कुणी विचारलंच नाही. वाढताना ती तोंडाकडे बघायची नाही, हातांकडे बघायची. ज्याचे हात मातीनं जास्त भरलेले, त्याला भात जास्त. पातेल्याच्या तळाशी मात्र एका माणसापुरता भात रोज राखलेला असायचा.

एकदा मला उशीर झाला. तेवढाच भात उरला होता.

"अक्का, त्यो वाढ की."

"त्यो तुजा न्हाई." तिनं झाकण ठेवलं. "वाटंत कोण उपाशी भेटंल, त्याचा हाय. रिकामं भांडं घिऊन रानातनं जायचं न्हाई."

मी रागानं नुसतं पाणी प्यालो. या रानात हिला कोण भेटणार? माकडं?

थोड्या दिवसांनी जोयड्याला जाताना माझी मोटारसायकल भर रानात बंद पडली. ढकलून थकलो, भुकेनं झाडाखाली डोळा लागला. जाग आली तर समोर ओम्नी उभी. अक्कानं मागचं दार वर केलं. माझ्या तेलानं काळ्या झालेल्या हातांकडे बघितलं आणि पातेलं पुढं ठेवलं.

जेवलो. पण तळाशी मूठभर भात ठेवूनच उठलो. तिच्या वाटेवर अजून बरंच रान होतं.