स्वेटरचा गळा

लेकीला सातवा लागला, म्हणून तिच्यासोबत गर्भवतींच्या वर्गाला गेले होते. शिकवणाऱ्या बाई बाळंतपणात सोबत करतात. कळा सुरू झाल्या की कंबर दाबून देतात, मूल होईपर्यंत जवळून हलत नाहीत. त्यांनी पिशवीतून घट्ट गळ्याचा लोकरी स्वेटर काढला, आत कापडाची बाहुली घातली आणि तिचं डोकं गळ्याकडे हळूहळू सरकवू लागल्या.

"गर्भाशयाचं तोंड असंच उघडतं. प्रत्येक कळ थोडी थोडी वाट करून देते."

लोकर ताणत गेली, विरळ झाली आणि बाहुलीचं डोकं बाहेर आलं. मग बाई माझ्याकडे वळल्या.

"काकू, तुमच्या बाळंतपणात तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"ओरडू नकोस, एवढंच."

गळ्याचे टाके कसे घालायचे ते आईने मला हात धरून शिकवलं होतं. देह कसा उघडतो, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी म्हणत आले, डॉक्टरांनी सोडवलं.

स्वेटर हातात घेतला. गळा पुन्हा मिटला होता. बोट घालून पाहिलं, जेमतेम गेलं.

"हे मी केलं होतं?"

"दोनदा," लेक म्हणाली.