मायनस पाच व्होल्ट

माझा साडू बँकेत आहे. सोल्डरिंगचं आयर्न त्याने आयुष्यात हातात धरलेलं नाही. मी भेस्तानच्या एका कापड कारखान्यात बावीस वर्षं लूमची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करतोय. आणि तो बोर्ड मिळाला मात्र त्याला.

कामरेजला एका भंगारवाल्याकडे तो जुना पंखा द्यायला गेला आणि येताना व्हिडिओ गेमचा जुना सर्किट बोर्ड घेऊन आला. पूर्वी दुकानांत उभी मशीनं असायची, त्यांतला. चिपवरची चिठ्ठी वाचली आणि मी गेम ओळखला. आमच्या तालुक्याच्या स्टँडमागे हाच विमानांचा गेम होता. शाळा बुडवून मी तासन् तास तिथे उभा राहायचो.

"दादा, याला पॉवर सप्लाय कोणता घेऊ?" साडूने विचारलं. "यातलं तुम्हालाच कळतं."

बोर्डाच्या कडेला सगळं छापलेलं होतं: पाच व्होल्ट, बारा व्होल्ट आणि मायनस पाच. हे मायनस पाच आवाजासाठी लागतं, आणि हल्लीच्या कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये ते नसतं. या गेमचा वेगळा सप्लाय येतो. त्यात तिन्ही व्होल्टेज मिळतात आणि पाच व्होल्ट कमीजास्त करायला स्क्रूही असतो. हे मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, "कॉम्प्युटरचा कुठलाही चालेल."

बोर्ड जळणार नाही, एवढं मी बघितलं होतं. फक्त आवाज येणार नव्हता. साडूची थोडी फजिती व्हावी, एवढंच मला हवं होतं.

रविवारी दुपारी त्याने सगळ्यांना बोलावलं. मीच वायरी जोडल्या. स्क्रीनवर विमानं आली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आवाज नव्हता, पण कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. माझी बायको साडूच्या शेजारी बसून गोळ्या झाडत होती, तोंडानेच "ढिश्यांव" करत होती. "भाऊजी, तुम्हाला बरं असं काही सुचतं!" ती म्हणाली. बावीस वर्षांत माझ्या कुठल्याच कार्डाकडे तिने असं बघितलं नव्हतं.

"जोडलं कुणी? दादांनी," साडू म्हणाला. त्याने असं म्हणायला नको होतं.

पुढचे पाच दिवस माझं कामात लक्ष लागेना. एक कार्ड तर मी उलटं बसवलं. शेवटी शनिवारी दुकानात जाऊन तो तीन व्होल्टेजवाला सप्लाय आणला आणि थेट साडूच्या घरी गेलो. नवा सप्लाय जोडला, मीटरच्या पिना बोर्डावरच टेकवल्या आणि स्क्रू हळूहळू फिरवला. वायरीत थोडं व्होल्टेज पडतं, म्हणून सप्लायवर नाही, बोर्डावर मोजायचं. बरोबर पाच झाल्यावर हात काढला. स्पीकरमधून लहानपणीचं ते संगीत खणखणीत बाहेर पडलं.

"मला आधीच माहीत होतं," मी म्हणालो. "मुद्दाम नाही सांगितलं. हा बोर्ड तुम्हाला मिळाला, म्हणून जळलो."

साडूने गेमचा आवाज बारीक केला. "सप्लाय घेताना दुकानदार म्हणाला होता, 'आमां माइनस पांच जोईशे', यात मायनस पाच लागेल. पण तुम्ही कुठलाही चालेल म्हणालात, म्हणून मी त्याच्याशी वाद घातला. म्हटलं, आमच्या दादांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?"

त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मेहुणीने चहा आणला. साडूने तिला यातलं काही कळू दिलं नाही. कप खाली ठेवून मला म्हणाला, "दादा, बोर्ड तुम्ही घेऊन जा. मला विमानं ओळखूही येत नाहीत, तुम्हाला त्याची किंमत आहे."

मी नको म्हणालो. तो आग्रह करत राहिला, मी नको म्हणत राहिलो. शेवटी दोघं खेळायला बसलो. तीन डाव झाले, तिन्ही मीच जिंकलो, आणि प्रत्येक वेळी तो मनापासून खूश झाला.

घरी येताना आधीचा हेवा विरल्यासारखा वाटला. पण आता त्याच्या मोठ्या मनाचा हेवा वाटायला लागला होता, आणि तो अजूनही वाटतो.