मास्तरांचे परदेशी अर्ज

श्रीमंतांच्या मरणाकडे इतके डोळे लावून बसलेला सज्जन माणूस साऱ्या रत्नागिरीत दुसरा झाला नाही. हे आमचे शेजारी, शाळेत सायन्स शिकवणारे मास्तर. त्यांना फुरशाच्या विषावर संशोधन करून परदेशातली डॉक्टरेट मिळवायची होती. कापणीच्या दिवसांत फुरसे चावून दरसाल माणसे दगावत. मास्तर त्यांच्या घरी पायी जात आणि सगळी हकिगत वहीत उतरवून घेत. ऐपत नव्हती, म्हणून शिष्यवृत्तीचा शोध. वर्तमानपत्र ते निधनवार्तांपासून वाचत, कारण कुणी धनिक गेला की मृत्युपत्रातून एखादा निधी निघे. पण हे निधी बहुधा दात्याच्या ज्ञातीपुरतेच. "आमच्या जातीतले दानशूर मरत नाहीत हो, आणि मरतात ते सगळे कवडीचुंबक!" असे ते कळवळून म्हणत.

बोटीवर जाणाऱ्या नाटे गावच्या एका खलाशाला त्यांनी जर्मनीतल्या विद्यापीठाचे माहितीपत्रक आणायला सांगितले होते. "मास्तरानू, ह्या बगा, लय मोठ्या इमारतीतनं आनलंय," म्हणत त्याने जाडजूड पुस्तक हाती दिले. मास्तरांनी शब्दकोश घेऊन महिनाभर त्याचा अभ्यास केला, तेव्हा ते साबणाच्या कारखान्याचे दरपत्रक निघाले. "वाया काही गेले नाही, जर्मन सुधारले," एवढेच ते बोलले. तिकडच्या थंडीची सवय म्हणून नव्हे, तर तिकडच्या कोटाची सवय म्हणून ऐन वैशाखात ते लोकरी कोट घालून हिंडत, आणि आंबोळी काट्याचमच्याने खात. मास्तरीणबाई तोंडाला पदर लावून आत जात.

वीसेक अर्ज बुडाल्यावर एका जर्मन प्राध्यापकाचे उत्तर आले. जागा होती, निर्वाहवेतन होते. फक्त प्रकृतीचा दाखला हवा होता. मास्तरांनी गल्लीभर पेढे वाटले आणि मग ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, आणि बराच वेळ ती काढलीच नाही. क्षय होता.

मी भेटायला गेलो तेव्हा मास्तर खोकत हसले. "संशोधक पाठवायचा होता, तो आता नमुना झाला बघा." त्याच आठवड्यात त्यांनी नकार कळवला आणि सोबत सगळ्या वह्यांचा सारांश इंग्रजीत लिहून धाडला. पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही.

ते गेल्यानंतर प्राध्यापकांचे पत्र आले. मास्तरीणबाई ते वाचून घ्यायला माझ्याकडे आल्या. टिपणे फार मोलाची आहेत, असे त्यात होते. आणि एक शंका होती: दंश हाताला जास्त की पायाला? मी म्हटले, "आता हे कोण सांगणार?"

"हाताला," त्या शांतपणे म्हणाल्या. "गवत मुठीत धरतात ना, तेव्हा. पायाला होतो तो काळोखात, अनवाणी चालताना. पुरुषांपेक्षा बायका जास्त. लिहा." दिवसभर हिंडून आल्यावर मास्तर रोज सगळे त्यांना सांगत असत, हे मला ठाऊकच नव्हते.

त्या सांगत गेल्या, मी इंग्रजीत लिहीत गेलो. चार पाने झाली. शेवटी त्यांनी विचारले, "खाली सही कुणाची?"

"तुमचीच."

त्यांनी टाक घेतला आणि सावकाश, बाळबोध अक्षरांत नाव लिहिले. बारा वर्षांच्या शेजारात त्यांचे नाव द्वारका आहे, हे मला तेव्हा कळले.