पाठीवर लिहिलेली जात

"वळ," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

मी वळले. किटवरून मार्कर फिरला तो थेट पाठीला जाणवला. मागे दोघी हसल्या. मला वाटलं, असेल काहीतरी त्यांच्यातलं.

कोविडच्या वॉर्डात आमची तोंडं दिसत नसत. डोक्यापासून पायापर्यंत पांढरं किट, सगळ्या नर्सा सारख्याच. म्हणून आत जाण्याआधी प्रत्येकीच्या पाठीवर नाव लिहायची पद्धत पडली होती. मोठ्या सिस्टर स्वतः लिहायच्या. ते आणि ड्युटीची यादी, ही दोन कामं त्यांनी कुणाच्या हाती दिली नाहीत. वॉर्डाच्या दाराआत मात्र त्या कधी आल्या नाहीत. त्यांना म्हणे शुगर होती.

त्या सरकारी इस्पितळात नियम साधा होता. सात दिवस वॉर्डात, मग सात दिवस लॉजवर एकटं राहायचं, मग बाहेरची ड्युटी. माझा सलग तिसरा आठवडा आत चालला होता. लॉज मी बाहेरूनच पाहिला होता. दुसऱ्या आठवड्यात धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्हा जंगलातल्या लोकांना काय होतंय गे? कंदमुळं खाऊन वाढलेली तुम्ही."

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

कारण मी भयंकर घाबरले होते. किटमध्ये घाम पायापर्यंत उतरायचा, चष्म्यावर वाफ धरायची. घसा जरा खवखवला की दहादा ताप मोजायची. माझी आई, आमची आवय, दम्याची. अणशी घाटाच्या पलीकडे रानात घर. मला काही झालं तर तिला कळवायला तिथं रेंजसुद्धा नाही. आणि मी कंत्राटी. तोंड उघडलं तर नोकरी जाणार, नाही उघडलं तर जीव. इकडे आड, तिकडे विहीर.

त्या दिवशी वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर उळवीकडचा एक म्हातारा होता. दोन दिवस तो कुणाशी बोलला नव्हता. पेजेचा घोटही घेतला नव्हता. मी शेजारच्या पेशंटचा ऑक्सिजन बघत होते, तर मागून आवाज आला.

"कुणब्याची पोर हाय व्हय गे तू?"

मी वळले. "तुमाला कसं कळलं, आजो?"

"पाठीवर लिवलंय की. चौथी शिकलोय मी."

सकाळी डॉक्टरांनी 'ओ कुणबी' अशी हाक का मारली, ते आत्ता कळलं. मी बाकीच्यांच्या पाठी पाहिल्या. तिथे नावं होती. आईबापांनी ठेवलेली, ठसठशीत नावं. माझ्याच पाठीवर जात, 'कुणबी'. आमच्या भागात कुणबी म्हणजे रानातली माणसं.

म्हाताऱ्याला मात्र बरं वाटलं होतं. त्याने माझं बोट धरलं. "आपलं मानूस भेटलं. मी मेलो तर घरी तू सांग. भ्या वाटतंय गे."

"मला बी वाटतंय, आजो."

तीन आठवड्यांत हे मी पहिल्यांदा तोंडाने बोलले. आणि बोलता बोलता त्याच्याकडे नीट पाहिलं. छातीचा भाता झालेला, ओठ निळे. कंदमुळं त्यानेही खाल्ली होती. माझ्यापेक्षा पन्नास वर्षं जास्त खाल्ली होती.

दुपारी तो गेला. मीच त्याचे डोळे मिटले.

किट उतरवून, आंघोळ करून बाहेर आले तर भिंतीवर नवी यादी लागलेली. चौथा आठवडा, वॉर्ड, मी. यादीत मात्र माझं नाव पूर्ण होतं. बापाच्या नावासकट. कामाला पाठवायचं तेव्हा बाईंना नाव बरोबर आठवत होतं.

मी त्यांच्या खोलीत गेले. एरवी उंबऱ्याशी थांबायची. त्या दिवशी टेबलापर्यंत गेले. टेबलाची कड धरली.

"मॅडम, चौथ्यांदा मी आत जानार न्हाई. माझे सात दिवस द्या."

"कंत्राट आहे तुझं. उद्यापासून येऊ नको."

"लिवून द्या."

"काय?"

"मला सलग किती आठवडे आत ठेवलं आनि का काढलं, ते लिवून द्या. सही करून. माझ्या पाठीवर काय लिवलं तेबी लिवा."

पेन त्यांच्या हातातच होतं. पाठीवर झरझर लिहिणाऱ्या बाईंना माझ्या तोंडासमोर एक अक्षर लिहिता येईना. त्या उठल्या आणि बाहेर जाऊन भिंतीवरच्या यादीतलं माझं नाव खोडलं.

सात दिवस मिळाले. नंतर कंत्राट पुन्हा मिळालं नाही, तेही सांगते. आजोच्या घरी मी स्वतः जाऊन सांगितलं. त्याच्या म्हातारीने विचारलं, जवळ कोण होतं? मी होते, म्हटलं.

आता दुसऱ्या इस्पितळात आहे. साथ ओसरली, पुढची येईल, आणि तेव्हाही मी घाबरणारच. पण इथे साथीच्या रोगांच्या वॉर्डाची नवी यादी लागली की मी ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचते. गेल्या आठवड्यात आत कोण होतं, या आठवड्यात कोण. वाचताना आवाज कापतो. कापू दे. माझा नंबर असला की किट चढवते. पण ज्यांनी आपला नंबर चुकवलाय, त्यांचं नाव सगळ्यांना ऐकवल्याशिवाय मी जागची हलत नाही.