बुधीबाईपुरता करंट

आशागडच्या नाक्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये चैत्या गाड्यांचं वायरिंग करतो. डहाणूपासून तलासरीपर्यंत लग्नांत दणदणाट करणाऱ्या निम्म्या पिकअप त्याच्याच हातच्या. मला त्या ढुमढुमीचा भयंकर राग. गाडीचा हॉर्न दाखवायला गेलो की मी त्याला हटकून दोन शब्द सुनावतो. तो चिडत नाही. "सर, लोक स्पीकर वाढवतात न बॅटरी तीच ठेवतात. चार माणसांच्या भातावर चाळीस बसवले तर कोणतरी उपाशी उठलच ना?"

असा हा शांत माणूस मागच्या एप्रिलात पार हवालदिल झाला होता. मुलीचं, शितलचं लग्न आठ दिवसांवर आलेलं, आणि बुधीबाई येणार नाही म्हणत होती.

बुधीबाई धवलेरी. वारल्यांकडे लग्न लावते ती बाई. तिने गायचं, तेव्हा लग्न लागायचं. चैत्या आणि चंद्रिकाचं लग्नही तिनेच लावलेलं. आता सत्तरी उलटली, खोकल्याने आवाज बसला, म्हणून हल्ली तिला माइक देतात. महिन्याभरापूर्वी एका लग्नात तो माइक चैत्याच्या भाच्याच्या, मनिषच्या पिकअपला जोडला होता. ती गात असतानाच पोरांनी बेस सोडला. प्रत्येक ठोक्याला माइक मरायचा, गाण्याचे तुकडे पडायचे. कोणीतरी हसलं. म्हातारी अर्ध्यावरून उठली आणि भर उन्हात एकटी घरी चालत गेली.

"पेनड्राइव्हवर तिचं गाणं आहे की, मामा," मनिष म्हणाला. चैत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गुमान बाहेर गेला.

चैत्या तिच्या पाड्यावर गेला, ओटीवर बसला आणि सरळ सांगून टाकलं. "बाय, तुझा गळा नाय चुकला. मी चुकलो. घाईत अर्थिंगची वायर गाडीच्या रंगावरच आवळली. करंट पुराच पोचत नव्हता."

"हसली ना पण लोकां," बुधीबाई म्हणाली. तिने अंगणातल्या कोंबड्या हाकलल्या. "येतंय. पण एकदा जरी तुटला, तर उठेन."

मग चैत्याला झोप कुठली लागायला! त्याने मनिषच्या पिकअपचा रंग खरवडून उघड्या लोखंडावर अर्थिंग दिलं, बोटाएवढी जाड तांब्याची वायर ओढली, दुसरी बॅटरी बसवली. इंजिन चालू ठेवून बेस लावला. माइक एकदाही मेला नाही. मनिष खूश. पण चंद्रिकाने माइक हातात घेऊन हळूच एक ओळ गुणगुणली, तर तिच्यापेक्षा डिझेल इंजिनची खडखडच जास्त ऐकू आली. बुधीबाईचा आवाज तर याहून बारीक. इंजिन बंद केलं, तर बेस बघता बघता बॅटऱ्या पिऊन टाकायचा. चैत्या डोकं धरून बसला. शेवटी उठला आणि बेसच्या ॲम्प्लिफायरचा फ्यूज उपटून काढला.

मनिष कळवळला. "मामा, पोरं नाचणार कशावर?"

"गाणं झालं की लावू. तोवर दोन्ही बॅटऱ्या बुधीबाईच्या."

लग्नाला मी गेलो होतो. मांडवात एवढा खोकला, एवढी कुजबुज. पण बुधीबाईने तोंड उघडलं आणि सगळं निवलं. तिचा श्वास ऐकू येत होता, ओळ सुरू करण्याआधीचा आवंढासुद्धा. दम लागला की ती थांबायची, मग पुढची ओळ उचलायची. आवाज थरथरत होता, तुटत नव्हता. ढुमढुमीला शिव्या घालणारा मी, त्या स्पीकरच्या आणखी जवळ सरकून बसलो.

नवरीचा बाप मात्र मांडवात नव्हता. तो पिकअपमागे उकिडवा बसून व्होल्टच्या मीटरकडे टक लावून होता. काटा जरा हलला की त्याचा हात वायरकडे जायचा. एवढं चाललेलं गाणं त्याच्या कानात शिरलंच नव्हतं.

चंद्रिका नव्या लुगड्यात, हळदीच्या हातांनी तिथे आली आणि त्याच्या शेजारी धुळीत बसली.

"काटा कुठवर गेला तर हाक मारायची?"

"बाराच्या खाली."

"बघतंय मी. तू जा, पोर तुला शोधतं."

चैत्या उठला. मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिला आणि आपल्या लेकीचं लग्न ऐकू लागला. चंद्रिकाने मीटरवरची नजर हलवली नाही.